‘पुना’ खरवडला तो हिवाळा

थंडी पडली की मला माझ्या नखांत चुना दिसायला लागतो. नसतो, पण दिसतो. सकाळी ओट्यावर बसून नखं बघत होतो, तर बायको, सुमन, बोंबलांची टोपली घेऊन जाता जाता म्हणाली, "चुना नाय तो, मळ हाय. आंघोळ करा, निघेल."

मी म्हटलं, "आठवण आहे ती."

"मग आठवण धुवा," म्हणाली, आणि गेली.

आमच्या धाकट्या डहाणूत या दिवसांत माणसांपेक्षा बोंबील जास्त. जोडीजोडीनं टांगलेले, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. खाडीवरचा वारा आला की सगळी दोरी हलते आणि लांबून वाटतं, वर्गातली पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघून उत्तरं देतायत. बाहेरचा माणूस इथं आला की नाकाला रुमाल लावतो. आमचा माणूस म्हणतो, जेवायला किती वेळ आहे?

अशा वाऱ्यात परवा फोन वाजला. उधव्याहून कल्पनाताई. "काका, थंडी पडली. ब्रश घेऊन या." एवढंच बोलून फोन ठेवला. आणि माझ्या नखांत चुना आला.

मी पेंटर. चित्रांचा नाही, अक्षरांचा. माझी शाळा चौथीत सुटली. म्हणजे शाळा होती तिथंच राहिली, सुटलो तो मी. अक्षरं शिकलो ती होड्यांवरची नावं गिरवून. त्यामुळे माझं असं झालं की अक्षर देखणं, पण शब्द भलताच. डहाणू रोडला एका डॉक्टरांना ‘दातांचा दवाखाना’ अशी पाटी हवी होती. मी ‘दादांचा दवाखाना’ लिहिली. पहिले काही दिवस त्यांच्याकडे दातवाले कमी आणि "दादा आहेत का?" विचारणारेच जास्त. तलासरीकडे तर आणखी मजा. तिथं एका दुकानावर मराठी येतं, शेजारच्यावर गुजराती. मी एकदा घाईत वरची रेघ द्यायलाच विसरलो आणि मालकाची मराठी पाटी गुजराती दिसायला लागली. तो चिडायच्या ऐवजी खूश. म्हणाला, "राहू दे, हद्दीपलीकडचं गिऱ्हाईक येतंय."

मग फ्लेक्स आले. ज्या वाढदिवसाला मी नाव लिहायचो, तिथं पोरगाच गॉगल लावून पाटीवर उभा. मशीन एका दमात छापतं आणि चुकत नाही. चुकत नाही हे मला सगळ्यात जास्त लागलं. माझी पाटी लोक थांबून वाचायचे, काय चुकलंय ते बघायला.

तर अशा वेळी, चौदा साली, निवडणुकीच्या भिंती रंगवून हात रिकामा झाला होता, तेव्हा कल्पनाताई भेटल्या. डहाणू रोडला रेल्वे कॉलनीत वाढलेल्या, वडील बुकिंगच्या खिडकीत. मुंबईला कॉम्प्युटरची नोकरी होती, ती सोडून तलासरीकडच्या उधव्याच्या एका पाड्यावर पोरांना कॉम्प्युटर शिकवायला आल्या होत्या. एका संस्थेनं जुने कॉम्प्युटर दिले होते. समाजमंदिराच्या आत अंधार, म्हणून वर्ग पुढच्या पडवीत. सकाळी पोरं कॉम्प्युटर उचलून पडवीत आणायची, संध्याकाळी आत ठेवून कुलूप. किल्ली पाड्यातल्या सोनजीदादांच्या कंबरेला. कॉम्प्युटर बाहेर काढताना, आत ठेवताना ते हात जोडायचे, गणपती आणल्यासारखे.

ताई मला पडवीच्या भिंतीपुढे घेऊन गेल्या. "काका, या भिंतीवर फंक्शनं लिहायची आहेत."

"लिहू की. कोणाकोणाची? लग्न का साखरपुडा?"

"तसलं फंक्शन नाही हो." त्यांनी जरा विचार केला. "समजा मी म्हटलं, ‘काका, चहा’. तर तुम्ही काय करता?"

"पितो."

"झालं तर. एक शब्द सांगितला की एक काम होतं. कॉम्प्युटरला सांगायच्या अशा शब्दाला फंक्शन म्हणतात."

"म्हणजे जेवण नाही?"

"नाही."

सोनजीदादा मागून म्हणाले, "मंग याला कशाला बोलवला?"

कॉम्प्युटरच्या त्या भाषेचं नाव टिपका. पुण्याच्या चार पोरांनी बनवलेली, मराठीत. पडद्यावर एक ठिपका असतो, त्याला मराठीतनं हुकूम करायचा. ‘पुढेसरक’ म्हटलं की तो पुढे जाणार आणि मागे रेघ सोडणार. ‘गोलकाढ’ म्हटलं की गोल. कुठला शब्द लिहिला की काय होतं याची माहिती पुण्याच्या पोरांनी इंटरनेटवर एका पानावर लिहून ठेवलेली. पण पाड्यावर इंटरनेट कुठलं? मोबाईलला रेंज आली तर ती गुजरातची, आणि मोबाईल आपलं स्वागत करतो दुसऱ्याच राज्यात. म्हणून ताईंनी ते पानच भिंतीवर उतरवायचं ठरवलं. शब्द मोठ्या अक्षरात, पुढे त्याचं काम, कोपऱ्यात एक नमुना. मी निळ्या ऑइल पेंटनं लिहिलं. आयुष्यात एवढं सुंदर अक्षर माझ्या हातून आलं नव्हतं. पोरं शब्दांना हात लावून बघायची.

त्यातला एक शब्द होता ‘पुन्हाकर’. एकच गोष्ट परतपरत करायला सांगायची तर हा शब्द. मी लिहिला ‘पुनाकर’.

आता आमच्याकडे कोण म्हणतं पुन्हा? "पुना आलास?" "पुना तंच बोलतो." मी कानानं वाचतो आणि तोंडानं लिहितो. ताईंच्या लक्षात आलं तोवर रंग सुकला होता.

"काका, हे पुना काय आहे?"

"पुना म्हणजे परत."

"पुना म्हणजे पुणं, काका!"

"मग पुण्याच्या पोरांना बरंच वाटेल."

त्या हसल्या, म्हणाल्या नंतर बघू. नंतर काय, पोरांनी भिंतीवर बघून तसंच टाइप केलं. कॉम्प्युटर लाल अक्षरात म्हणाला, असा शब्द नाही. पोरं कॉम्प्युटरवरच चिडली. भिंतीवर आहे म्हणजे आहे! शिवाय न आणि ह जोडायला बोटांची कसरत, ‘पुना’ मात्र सहज पडतो. शेवटी ताईंनी पुण्याला कळवलं. तिथली पोरं म्हणे पोट धरून हसली. एक म्हणाला, "पुना कर? म्हणजे आमच्या शहराचा टॅक्स का?" पण मनानं चांगली. पुढच्या आवृत्तीत त्यांनी दोन्ही शब्द चालू केले. पुन्हाकर लिहा नाहीतर पुनाकर लिहा, ठिपका ऐकणार.

म्हणजे बघा, चौथीतनं सुटलेल्या माणसाची चूक कॉम्प्युटरच्या भाषेत जाऊन बसली. मी हे धाकट्या डहाणूपासून डहाणू रोडपर्यंत सगळ्यांना सांगितलं. न्हाव्याला तर दोनदा, तेव्हा वस्तरा माझ्या गळ्यावर होता तरी. घरी सांगितलं तर सुमन म्हणाली, "भाषेला शब्द दिला ते बरं झालं. पण आपल्या दारावर माझं नाव ‘सुनम’ लिवलंय, ते कधी नीट करणार?"

चार वर्षं ती भिंत तशी होती. निळी, उभी, आणि मी कधी पाड्यावर गेलो की उगाच ‘पुनाकर’पुढे उभा राहायचो. लोक देवळात उभे राहतात तसा. 

अठरा साली पाऊस संपता संपता संस्थेची माणसं आली. सगळ्या कॉम्प्युटरवर टिपकाची नवी आवृत्ती घालून दिली आणि पोरांना म्हणाली, दाखवा काय येतं. मीही गेलो होतो, कारण अशा दिवशी चहा मिळतो.

पुण्याच्या पोरांनी भाषा झाडून काढली होती. भाषा निघाल्यापासून एका कामाला तीन-तीन शब्द झाले होते. आता एका कामाला एकच. ‘पुढेसरक’ गेलं, नुसतं ‘पुढे’ राहिलं. ‘गोलकाढ’ गेलं, ‘गोल’ राहिलं. पुन्हाकर आणि माझा पुनाकर, दोघंही गेले. राहिलं नुसतं ‘पुन्हा’. ताईंना कळलं होतं, पण संस्था त्याच दिवशी ते कॉम्प्युटरवर घालील हे कोणी सांगितलं नव्हतं.

पोरं बिचारी दर वेळी भिंतीकडे वळून बघायची आणि टाइप करायची. लाल अक्षरं. परत भिंत. परत लाल. जयवंती म्हणून एक मुलगी होती, सातवीतली, वर्गात सगळ्यात हुशार. तिनं माझा पुनाकर असा ठसक्यात टाइप केला की माझी छाती फुगली. पडदा लाल झाला आणि छाती जागेवर आली.

संस्थेचे एक साहेब होते, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेले. वाईट माणूस नव्हता. पण म्हणाले, "मॅडम, चार वर्षांत एवढंच? आम्ही संक्रांतीनंतर परत येतो. तेव्हाही असंच असेल तर कॉम्प्युटर दुसऱ्या पाड्याला देऊ. तिथं मागणी आहे."

गाडी गेली. पोरं कॉम्प्युटर आत ठेवायला लागली, तर सोनजीदादांनी हात जोडले नाहीत.

मला वाटलं ताई रडतील. त्या भिंतीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "पोरांचं काही चुकलं नाही, काका. भिंत खोटं सांगतेय. आणि नुसती भिंत नाही. पुण्याच्या त्या माहितीच्या पानावरही जुने शब्द अजून तसेच आहेत. भाषेतनं काढले आणि माहितीतनं काढायचे राहिले. म्हणजे जिथं जिथं कोणी वाचून शिकतंय, तिथं तिथं पोर असंच फसतंय."

"मग?"

"मग काढायचे. दोन्हीकडनं. संक्रांतीच्या आत. एकही ठेवायचा नाही."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण सोनजीदादांनी कंबरेची किल्ली चाचपली, जशी माणसं प्रवासाला निघताना चाचपतात.

कोणीतरी म्हणालं, भिंतीवर नवा फ्लेक्स लावून टाका, काम संपलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "इथं फ्लेक्स लागला तर मी या पायरीवर बसून राहीन!"

सोनजीदादा म्हणाले, "बस. नायतरी तू बसूनच असतोस."

ताईंनी माझ्या बाजूनं निकाल दिला, पण माझ्या प्रेमानं नाही. म्हणाल्या, "फ्लेक्स वर करून पोरं खालचं वाचतील. खालचं असताच कामा नये."

आता माझा शहाणपणा ऐका. पहिल्या दिवशी मी जुन्या शब्दांवर लाल रंगानं काट मारली आणि बाजूला लिहिलं, ‘जुने. वापरू नये’, आणि खाली निळ्यानं नवे शब्द. ताईंनीच सांगितलं होतं, पुण्याची पोरंही आधी असाच इशारा देतात म्हणून. दोन दिवसांनी ताईंनी पोरांना विचारलं, शब्द सांगा. पोरांनी घडाघडा सांगितले. सगळे जुने! लाल काट असली की डोळा आधी तिथंच जातो. नवे शब्द साधे निळे, त्यांच्याकडे कोण बघतो?

मग मी म्हटलं, चुना मारू. पांढरंधोप करू, वर नवे शब्द लिहू. मारला. हात भरभर चालला, भिंत दुधासारखी. वाळल्यावर मी लांब उभं राहून बघितलं आणि स्वतःलाच शाबासकी दिली.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे जमीन हालत होती. डहाणू-तलासरीतल्या माणसाला हे सांगायला नको. दिवसा, संध्याकाळी, कधीही. आधी जमिनीखालून भरलेला ट्रक गेल्यासारखा आवाज, मग भांडी बोलायला लागायची. लोकांनी अंगणात, शेतात तंबू ठोकले. चुली बाहेर, खाटा बाहेर, शाळा झाडाखाली. सोनजीदादांनी आंब्याच्या फांदीला पितळेचं ताट टांगलं होतं आणि त्याला दोन चमचे बांधले होते. ताट वाजलं की सगळ्यांनी पडवीतनं उडी मारून अंगणात यायचं. वाऱ्यानंही वाजायचं. आम्ही वाऱ्यालाही उड्या मारायचो.

तर माझ्या दुधासारख्या भिंतीपुढे ताई पोरांना नवे शब्द वाचून दाखवत होत्या, आणि ताट वाजलं. खरं वाजलं. धाडधाड सगळे अंगणात. जमीन थांबली. सगळ्यांनी आपापली माणसं मोजली. मग कोणीतरी भिंतीकडे बोट केलं.

चुन्याच्या पापुद्र्यांचा जमिनीवर सडा. आणि भिंतीवर, निळा निळा, ‘पुढेसर’. खाली ‘लकाढ’. आणि मधोमध, एक अक्षर न हरवता, लाल काटेसकट, ‘पुनाकर’.

"पेंटर," सोनजीदादा म्हणाले, "तुझा भूत वर आला."

ऑइल पेंटवर चुना धरत नाही. हे पेंटरच्या धंद्यातलं पहिलं अक्षर. लहान पोरगंसुद्धा सांगेल. मी मात्र पटकन होईल म्हणून मारला, आणि धरणीनं दोन सेकंदांत माझी परीक्षा घेतली. नापास. चौथीनंतर परत एकदा.

ताई हसल्या नाहीत. भिंतीजवळ गेल्या, एक पापुद्रा बोटानं उडवला. म्हणाल्या, "झाकून होणार नाही, काका. खरवडावं लागेल. प्लास्टरपर्यंत."

"सगळं?"

"सगळं."

दुसऱ्या दिवशी मी घरून गोणभर शिंपले घेऊन निघालो. सुमननं विचारलं, "मासळी विकायला निघाला का? त्यात मासळी नाय, शिंपले रिकामे हायत." माझ्याकडे खरवडायची पत्ती एकच होती आणि हात पुष्कळ होते. मोठा शिंपला पाठीकडनं धरला की त्याची धार पत्तीसारखी चालते. होडीच्या बुडाला चिकटलेलं आम्ही कशानं काढतो मग? उधव्याच्या जीपमध्ये सगळे नाक धरून बसले, पण जागा ऐसपैस मिळाली.

आणि मग ते दिवस. तेच माझ्या नखांत बसलेत.

ताई आंब्याखाली खाटेवर, मांडीवर लॅपटॉप. पुण्याच्या पोरांनी त्यांना सांगितलं होतं, ताई, तुम्हीच ते पान साफ करा, आम्ही तपासून लावतो. त्या एकेक जुना शब्द हाक मारून सांगायच्या. "गोलकाढ!" पोरं शिंपले घेऊन गोलकाढवर तुटून पडायची. खरर्र खरर्र. त्याच वेळी ताई पानावरनं तो शब्द काढायच्या. पण खरवडताना प्रत्येकानं मोठ्यानं सांगायचं, याच्या जागी काय? "गोल!" "काय द्यायचं त्याला?" "किती मोठा ते!" चुना नाकात, निळी भुकटी केसांत, आणि वर ओरडणं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, उधव्यात भिंतीशी भांडण लागलंय.

मला आधी वाटायचं, शब्द काढणं म्हणजे पुसणं, त्यात काय एवढं. पण एक काढला की तो दुसरीकडे लपलेला सापडायचा. कोपऱ्यातल्या नमुन्यात मी एक घर रंगवलं होतं, आणि ते कोणकोणत्या शब्दांनी काढायचं ते बाजूला. त्या घरात सगळे जुनेच शब्द राहायला. ताईंच्या पानावरही तसंच. त्या कपाळाला हात लावायच्या, "इथं काढला, तर हा तिकडे उदाहरणात बसलाय." मी म्हणायचो, "ताई, माझ्या घरी ढेकणांचं असंच होतं." त्या म्हणायच्या, "मग तुम्ही काय करता?" "घर बदलतो." "इथं नाही बदलायचं," म्हणायच्या आणि मान खाली घालून शोधायला लागायच्या. गुजरातची रेंज जायची, यायची. केलेलं काम कधी जायचं. त्या परत पहिल्यापासून करायच्या. ताट वाजायचं, उडी मारायची, थांबायचं, परत भिंतीला भिडायचं. पाड्यातली मोठी माणसंही येता-जाता हात मारायला लागली. जमिनीपुढे कोणाचं काही चालत नव्हतं. भिंतीपुढे चालत होतं. 

एकदा मी खरवडता खरवडता म्हटलं, "ताई, या शब्दांनी चार वर्षं काम केलं. वाईट वाटत नाही?"

त्या म्हणाल्या, "वाईट नव्हतेच ते. पण काका, बंद झालेल्या बसचा थांबा कोणी उपटला नाही तर काय होतं?"

मला ते बरोबर कळलं. डहाणू रोडला असा एक थांबा आहे. मी स्वतः तिथं बसची वाट बघत बसलोय, आणि त्यावरचं नाव माझ्याच हातचं आहे.

शेवटी एकच शब्द राहिला. पोरं सगळीकडनं खरवडत त्याच्याभोवती येऊन थांबली होती. गवत कापताना मधे एखाद्याचं खोपट सोडतात तसं. 

ताईंनी हाक मारली, "पुनाकर!"

कोणी हात लावेना. जयवंती माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, हा तुमचा हाय ना?"

मी म्हणणार होतो, राहू दे एवढा. आठवण म्हणून. छोटासा. खाली लिहू, वापरू नये. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात माझंच मला दिसलं, जुनी बंद पडलेली पाटी, तिच्याखाली पोरगी बसलीय, आणि तिची बस दुसरीकडनं निघून चाललीय.

मी शिंपला घेतला. बाकीचे शब्द पोरांनी काढले, हा मी काढला. ऑइल पेंट माझ्याच हातचा, चांगला दाबून दिलेला. निघता निघेना. पहिल्यांदा वाटलं, एवढं चांगलं काम मी उगाच केलं. ‘पु’ गेला, ‘ना’ गेला, मग ‘क’, मग ‘र’. सोनजीदादा म्हणाले, "आता कॉम्प्युटर गेला तरी चालंल, पेंटर रडताना दिसला." मी म्हटलं, "चुना गेलाय डोळ्यात." ते म्हणाले, "हां. एकाच डोळ्यात गेला असता तर मानला असता."

त्या जागेवर नवा शब्द मीच लिहिला. ब्रश उचलला आणि थांबलो. मागं पोरं उभी. पाड्यातला पहिला प्रसंग, की गुरुजी सगळे आणि विद्यार्थी एकटा मी.

"न अर्धा काढा, काका!"

"केवढा अर्धा?"

"त्याला काठी नाय द्यायची! मंग ह!"

"ह कुठं?"

"चिकटून! चिकटून!"

‘पुन्हा’. मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिला. जरा वाकडा आला. पण खरा आला.

संक्रांत झाली. साहेब आले. आणि गंमत बघा, ज्या भिंतीसाठी एवढं केलं तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. जमीन हालत होती, म्हणून ते पडवीत बसायलाच तयार नव्हते. कॉम्प्युटर आंब्याखाली मांडले, आणि साहेबांनी पोरांची तोंडं रस्त्याकडे केली. "भिंतीकडे बघायचं नाही. बघून कोणीही लिहील."

सोनजीदादांचे हात जोडलेले. साहेबांना नाही, कॉम्प्युटरना.

साहेबांनी जयवंतीला सांगितलं, एक फूल काढ, सगळ्या पाकळ्या सारख्या. म्हणजे एक पाकळी काढायची आणि परतपरत करायची. म्हणजे तोच शब्द. ती टाइप करायला लागली. मी तिच्या मागं, तिच्या खांद्यावरून बघत. ‘पु’. मग तिची बोटं सवयीनं पुढे गेली. ‘ना’.

भूकंपाला मी एवढा भ्यालो नव्हतो. माझा शब्द, माझी चूक, जिच्यासाठी न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली बढाया मारल्या, ती आता या पोरीचे कॉम्प्युटर उचलून गाडीत ठेवणार होती. ताई आंब्याला टेकून उभ्या, ओठ घट्ट. सांगायचं नव्हतंच. वारा आला, ताट किणकिणलं, कोणी उडीसुद्धा मारली नाही.

जयवंती थांबली. पडद्याकडे बघितलं. मग एक बोट उचलून ‘ना’ पुसला. हळूहळू, एकेक कळ शोधत, न, मग ह जोडून: ‘पुन्हा’. पुढं पाकळी. आणि बटण दाबलं.

ठिपका निघाला. एक पाकळी, दुसरी, तिसरी. फूल पुरं झालं. लाल काही आलं नाही.

साहेब म्हणाले, "हं." मग आणखी पोरांना बसवलं. ती पोरं तर शब्द असे ओरडून ओरडून लिहीत होती, जणू हातात अजून शिंपलाच आहे. गाडी जाताना साहेबांनी ताईंना सांगितलं, कॉम्प्युटर इथंच राहतील. सोनजीदादांनी मला मिठी मारली. मग कोणाला मारली ते बघून सोडून दिली.

मी जयवंतीला बाजूला घेऊन विचारलं, "काय गं, मधेच थांबलीस का?"

"बोटांना पुनाच येत होता."

"मग?"

"मंग खरवडला."

तेवढंच बोलली आणि चहा प्यायला पळाली. माझ्या शब्दाची गोष्ट तिथं संपली. बरी संपली. ताईंनी साफ केलेलं ते पानही पुण्याच्या पोरांनी लावलं. आता कुठं, कोणत्या गावात, कोण ते वाचत असेल, माहीत नाही. त्यात माझं काहीही नाही, आणि त्याचंच मला बरं वाटतं. घरी आल्यावर मी पहिली गोष्ट काय केली असेल तर दारावरचं ‘सुनम’ खरवडलं. सुमन बघत होती. म्हणाली, "आता नीट लिवाल ना?" मी म्हटलं, "तू उभी राहून सांग." तिनं सांगितलं. 

आणि आज, परत थंडी. उधव्याची जीप, डोंगराकडनं येणारं धुकं, रस्त्याकडेला गवताचे भारे. समाजमंदिराच्या भिंतीवर नवे शब्द निळे, आणि ऊन तिरकं पडलं की त्यांच्या खाली खरवडल्याचे ओरखडे दिसतात. आंब्याला ताट अजून टांगलेलं आहे. सोनजीदादांनी मला बघून विचारलं, "जेवायला आला का कामाला?"

ताईंनी भिंतीवर खडूनं तीन ठिकाणी खुणा केल्या होत्या. "पुण्याहून नवी आवृत्ती आलीय. हे तीन शब्द आता जुने झाले. हा, हा, आणि तो वरचा."

मी भिंतीकडे बघितलं. गेल्या साली एवढ्या मेहनतीनं लिहिलेले. तोंडातनं आपोआप निघालं, "पुन्हा?"

ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "काका, आज किती स्वच्छ म्हणालात."

मी पिशवीतनं शिंपला काढला.